ओरंगीच्या गल्ल्या

कराची हे अरबी समुद्राच्या काठी वसलेले पाकिस्तानातील सर्वांत मोठे शहर. १९३६ सालापर्यंत सिंध प्रांत मुंबई इलाख्यातच मोडत असे. त्यामुळे कराची आणि मुंबई ही दोन बंदरे त्या काळी एकाच सरकारच्या अमलाखाली होती. कराचीतील एका जुन्या व नामांकित विद्यालयाला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्यांचे नाव आहे. दोन्ही शहरांचे आणखी एका बाबतीत साम्य आहे. पोटासाठी दुरून आलेल्या माणसांना दोन्ही शहरांनी काम दिले. परंतु राहावयास जागा मात्र दिली नाही. मग जेथे जागा मिळेल तेथे लोकांनी आपली घरे उभारली. कराचीतील अशाच एका वस्तीची ही हकीकत आहे.

शहराच्या वायव्येस, उजाड टेकड्यांच्या पायथ्याशी, ओरंगी नावाचा विस्तीर्ण भाग आहे. १९६५ च्या सुमारास तेथे वस्तीस आरंभ झाला. १९७१ च्या युद्धात पूर्व पाकिस्तान वेगळे होऊन बांगलादेश जन्माला आला, तेव्हा तेथील हजारो निर्वासित कुटुंबे कराचीस आली आणि ओरंगीत स्थिरावली. पठाण, पंजाबी, बलुची अशा नाना प्रकारच्या लोकांची त्यांत भर पडली. जमीन सरकारी होती. पण दलाल तिचे तुकडे पाडून ते गरिबांना विकीत. लोकांनी पैपैसा साठवून, उधारीवर सिमेंटचे ठोकळे आणून, आपापल्या हातांनी घरे बांधली. त्यांच्या कष्टांना कसलीच कमतरता नव्हती.

घरे झाली, परंतु गटारे झाली नाहीत. वस्ती अनधिकृत, म्हणून महापालिकेचे तिकडे लक्ष नसे. बहुतेक घरांत टोपलीचे संडास होते. त्यांतील मैला चार-पाच दिवसांनी एखादा सफाई कामगार उचलून नेई. काहींनी घरापाशी शोषखड्डे खणले होते. पण ते काही वर्षांतच भरून जात. न्हाणीचे आणि स्वयंपाकघराचे सांडपाणी सरळ गल्लीत वाहत असे. त्याच घाणीतून मुले शाळेत जात व तेथेच खेळत. विषमज्वर, हगवण, हिवताप आणि खरूज यांनी घरोघरी ठाण मांडले होते. मजुरीचे पैसे औषधांत जात. घरांच्या पायांत पाणी मुरून भिंती पोखरल्या जात. ज्या घरासाठी माणसाने आयुष्य वेचले, ते घरच घाणीने पोखरले जात होते.

१९८० साली या वस्तीत एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांचे नाव अख्तर हमीद खान. त्यांचा जन्म १९१४ साली आग्र्यास झाला. तरुणपणी ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये मोठ्या हुद्द्यावर होते. बंगालमध्ये १९४३ साली पडलेला भीषण दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि पुढे त्या मानाच्या नोकरीचा राजीनामा दिला. गरिबांचे जीवन आतून समजावे म्हणून ते अलीगढजवळ काही काळ मजूर आणि कुलुपे बनविणारा कारागीर म्हणून राबले. देशाच्या फाळणीनंतर ते पूर्व पाकिस्तानात गेले. तेथे कोमिल्ला गावी त्यांनी १९५९ साली ग्रामविकासाची संस्था स्थापन केली. त्या कार्याबद्दल १९६३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ओरंगीत ते आले तेव्हा त्यांचे वय सुमारे पासष्ट वर्षांचे होते. सामान्य माणूस ज्या वयात विसावा शोधतो, त्या वयात त्यांनी हे नवे काम हाती घेतले.

आरंभीचे काही महिने खानसाहेबांनी काहीच बांधले नाही. ते गल्लीगल्लीतून हिंडले, ओट्यांवर बसले आणि लोकांचे बोलणे ऐकत राहिले. हे कष्टाळू लोक आपल्या दारातील घाण का सहन करतात, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. हळूहळू त्यांच्या ध्यानात आले की, लोकांच्या वाटेत चार अडचणी उभ्या आहेत. पहिली अडचण मनाची : गटार बांधणे हे सरकारचे काम आहे, ते आज ना उद्या फुकट बांधून मिळेल, अशी लोकांची समजूत होती. दुसरी पैशाची : ठेकेदाराकडून गटार बांधून घेण्याइतका पैसा कोणापाशीच नव्हता. तिसरी ज्ञानाची : जमिनीखालचे गटार कसे बांधावे, हे कोणास ठाऊक नव्हते. चौथी अडचण एकीची : गटार काही एका घराचे नसते, ते साऱ्यांचे मिळून असते, आणि सारे एकत्र कसे यावेत, हाच मोठा प्रश्न होता.

या चारही अडचणींना खानसाहेबांनी एकच उत्तर शोधले, ते म्हणजे गल्ली. सबंध ओरंगी एक होणे कठीण होते. तेथे भाषा निराळ्या, जाती-जमाती निराळ्या आणि पुढारीही निराळे. परंतु एका गल्लीत वीस-तीस घरे असत. तेथील माणसे एकमेकांना ओळखत आणि सुखदुःखात एकमेकांच्या दारी जात. म्हणून गल्ली हाच कामाचा घटक ठरला. ज्या गल्लीतील सर्व घरे एकमताने तयार होतील, त्यांनी आपल्यातूनच एक गल्लीप्रमुख निवडावा आणि मदत मागण्यास यावे, असा नियम झाला. गल्लीप्रमुखाने घरोघरची वर्गणी गोळा करावी, तिचा हिशेब ठेवावा आणि काम करून घ्यावे. खानसाहेबांची संस्था 'ओरंगी पायलट प्रोजेक्ट' या नावाने ओळखली जाऊ लागली. ही संस्था लोकांच्या पैशाला हात लावीत नसे. ती जमिनीचा उतार मोजून देई, नकाशा आणि खर्चाचा अंदाज तयार करी, हत्यारे व साचे वापरावयास देई आणि काम कसे करावे ते शिकवी. पैसा लोकांचा, घाम लोकांचा आणि गटारही लोकांचेच, अशी ही व्यवस्था होती.

खर्च कमी करणे हे मात्र संस्थेलाच साधावयाचे होते. आरिफ हसन या वास्तुशिल्पज्ञांच्या सल्ल्याने तिने एकेका वस्तूचा नव्याने विचार केला. गटारावरील मॅनहोल जागच्या जागी ओतता यावीत, म्हणून लोखंडी साचे बनविले. प्रत्येक घराच्या नळीपुढे एक लहानशी 'हौदी' बसविली. तिच्यात घट्ट घाण अडून राहते आणि मुख्य नळ तुंबत नाहीत. ठेकेदाराचा नफा गेला, लाच गेली आणि पुष्कळसे श्रम लोकांनी स्वतःच केले. त्यामुळे घरातील संडास आणि गल्लीतील गटार मिळून एका कुटुंबास त्या काळी सुमारे एक हजार पाकिस्तानी रुपये पडू लागले. सरकारी दराने याच कामाला याच्या कितीतरी पट खर्च आला असता. जी रक्कम अशक्य वाटत होती, ती आता कष्टकरी कुटुंबाच्या आवाक्यात आली.

तथापि सारे काही आरंभापासून सुरळीत झाले, असे नव्हे. पहिल्या काही गल्ल्यांतील कामात दोष राहिले. सिमेंट, वाळू आणि खडी यांचे प्रमाण नीट राखले गेले नव्हते. काँक्रीट ओतल्यावर ते काही दिवस ओले ठेवावे लागते, हेही पुष्कळांना माहीत नव्हते. त्यामुळे ते लवकर ठिसूळ झाले. कोठे उतार चुकले. असे दोष दिसताच संस्थेने ते झाकून ठेवले नाहीत. तिने त्यांची तपासणी केली, सोप्या भाषेत सूचनापत्रके छापली, बैठका घेतल्या आणि गवंड्यांना पुन्हा शिकविले. चूक कबूल करून ती सुधारणाऱ्यावर लोकांचा विश्वास अधिकच बसतो. पुढील गल्ल्यांतील काम चांगले होत गेले. एका गल्लीत कोरडी वाट झालेली पाहून शेजारची गल्लीही पुढे येऊ लागली.

आता एक नवा प्रश्न उभा राहिला. गल्लीतील पाणी गल्लीबाहेर तर गेले. पण ते पुढे कोठे जाणार? लोकांनी आपली गटारे जवळच्या नैसर्गिक नाल्यांना जोडली होती. त्या उघड्या नाल्यांतून सारी घाण वाहू लागली. मोठे नाले बांधून काढणे आणि घाण पाणी शुद्ध करणे हे काही वीस-तीस घरांच्या आवाक्यातील काम नव्हते. तेथे सरकारच हवे होते. म्हणून खानसाहेबांनी कामाची स्पष्ट वाटणी सुचविली. घरातील संडास, गल्लीतील गटार आणि गल्ल्यांना जोडणारी गटारे हा आतला भाग लोकांनी आपल्या खर्चाने करावा. मुख्य वाहिन्या, मोठे नाले आणि शुद्धीकरण केंद्रे हा बाहेरचा भाग सरकारने करावा. जे गरीब लोक करू शकतात ते सरकारने करू नये, आणि जे सरकारच करू शकते ते गरिबांवर टाकू नये, असा या वाटणीचा अर्थ होता. पुढे सिंध सरकारच्या वस्ती-सुधार खात्यानेही इतर वस्त्यांसाठी हीच पद्धत स्वीकारली.

सरकारशी बोलावयाचे तर हाती पुरावा पाहिजे. तो पुरावा नकाशांनी दिला. परवीन रहमान या तरुण वास्तुशिल्पज्ञ १९८३ च्या सुमारास या कामात आल्या. त्यांचा जन्म ढाक्यास झाला होता. १९७१ च्या युद्धानंतर त्यांचे कुटुंबही कराचीस आले होते. घर गमावणे म्हणजे काय, हे त्या जाणून होत्या. मोठमोठ्या कचेऱ्यांतील नोकरी त्यांना मिळाली असती. पण त्यांनी ओरंगीच्या गल्ल्यांचे काम पत्करले. वस्तीतीलच मुलामुलींना त्यांनी मोजमाप करावयास आणि नकाशे काढावयास शिकविले. कोणत्या गल्लीत गटार झाले, पाणी कोठून कोठे वाहते, नाला कोठे अडला आहे, हे सारे त्या नकाशांवर उतरू लागले. पूर्वी अधिकारी म्हणत की तेथे काहीच नाही. आता लोक नकाशा समोर ठेवून दाखवीत की येथे आम्ही आमचे काम केले आहे. तुमचे तेवढे राहिले आहे.

याच नकाशांतून शहरातील पाणी कोठे चोरले जाते आणि गरिबांची जमीन कशी बळकावली जाते, हेही उघड होत गेले. ते ज्यांना नको होते, अशी माणसे शहरात होती. १३ मार्च २०१३ रोजी, परवीन रहमान कचेरीतून घरी परतत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यांचा अंत झाला. गटाराचा नकाशा काढणे हे दिसावयास साधे काम. परंतु सत्य कागदावर मांडावयाचे तर किती धैर्य लागते, हे त्यांच्या बलिदानाने दाखवून दिले.

गटारांबरोबर ओरंगीत इतर कामांनाही चालना मिळाली. लहान कारागिरांना आणि शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना कर्ज देण्यासाठी १९८७ साली एक न्यास निघाला. शिकलेल्या मुलींनी आपल्या घरातच लहान लहान शाळा उघडल्या. आरोग्याची माहिती स्त्रियांच्या बैठकींतून घरोघरी पोहोचली. विसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारे सहा हजार गल्ल्यांत आणि नव्वद हजारांवर घरांत लोकांनी स्वतःच्या पैशाने गटारे बांधून घेतली होती. अख्तर हमीद खान यांचे १९९९ साली निधन झाले, तेव्हा ओरंगीच्या पुष्कळशा गल्ल्यांत मुले कोरड्या वाटेवर खेळत होती.

ओरंगीचे सारे प्रश्न मिटले, असे मात्र नाही. तेथे पिण्याच्या पाण्याची टंचाई आहे. कराचीतील पुष्कळसे घाण पाणी शुद्ध न होताच समुद्रास मिळते. लोकांनी आपला वाटा उचलला. दुसरा वाटा अद्याप पुरता उचलला गेलेला नाही. परंतु आपला वाटा पार पाडल्यामुळेच उरलेला वाटा मागण्याचा अधिकार त्यांना प्राप्त झाला आहे. जो हात केवळ मागण्यासाठी पुढे होतो, त्याकडे पाठ फिरविणे सोपे असते. जो हात काम करून मग हक्क मागतो, त्याला उत्तर द्यावेच लागते. ओरंगीच्या गल्ल्या हेच शिकवितात.

अभ्यास

१. ओरंगीतील लोक कष्टाळू असूनही त्यांच्या दारात घाण का साचली होती?
२. खानसाहेबांनी आरंभीचे काही महिने काय केले? त्याचा पुढे कोणता उपयोग झाला?
३. लोकांच्या वाटेतील चार अडचणी कोणत्या? त्यांतील प्रत्येक अडचण कशी दूर झाली, ते थोडक्यात लिहा.
४. सबंध वस्तीऐवजी गल्ली हा कामाचा घटक का निवडला असावा?
५. 'आतला भाग' आणि 'बाहेरचा भाग' यांत कोणकोणती कामे येतात? अशी वाटणी तुम्हांस योग्य वाटते काय? कारणे द्या.
६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : ठाण मांडणे, आयुष्य वेचणे, आवाक्यात येणे, पाठ फिरविणे.
७. तुमच्या गल्लीचा, वाडीचा किंवा आळीचा एक नकाशा काढा. सांडपाणी कोठून कोठे जाते, ते त्यात बाणांनी दाखवा. वाटेत कोठे अडथळा असल्यास तो दूर करण्याचे काम कोणाचे, याची वर्गात चर्चा करा.