मूल रात्री किंचाळून उठते तेव्हा

इशा होऊन घर शांत झालेले असते. तास-दीड तासापूर्वी झोपलेले चार-पाच वर्षांचे मूल एकाएकी किंकाळी फोडून उठून बसते. डोळे सताड उघडे, अंग घामाने भिजलेले, छाती धडधडत असलेली. आई कवेत घेऊ पाहते तर ते तिलाच ढकलते, जणू ओळखतच नाही. काही मिनिटांत ते आपोआप आडवे होते आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. आठवते ते घरच्यांना. मग परभणी असो वा जिंतूर, पाथरी असो वा गंगाखेड, वडीलधाऱ्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो: साया पडला. दुसऱ्या दिवशी आमिलाची शोधाशोध सुरू होते.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. वैद्यकशास्त्राला हा प्रकार चांगला परिचित आहे. रात्रीच्या पहिल्या भागात मुलांची झोप सर्वांत गाढ असते. त्या झोपेतून मेंदू अर्धवटच जागा होतो, म्हणून मूल उघड्या डोळ्यांनी पाहते परंतु ओळखत नाही. वाईट स्वप्न निराळे. ते बहुधा पहाटेकडे पडते, मूल पूर्ण जागे होते, आईला बिलगते आणि काय दिसले ते सांगते. पहिला प्रकार साधारणतः तीन ते सात वर्षांच्या मुलांत आढळतो, आई-वडिलांपैकी कोणी लहानपणी झोपेत चालत असेल तर अधिक, आणि वाढत्या वयाबरोबर बहुतेकांचा तो थांबतो. अपुरी झोप, ताप, मनावरचा ताण आणि घोरण्यामुळे मोडणारी झोप यांनी तो बळावतो.

आता आपल्या घरांकडे पाहावे. रमजानमध्ये तरावीहनंतर उशिरापर्यंत जागरण, पुन्हा सहरीला भांड्यांचा आवाज. रोजा मोठ्यांचा, झोप मात्र लहानग्याची मोडते. फेब्रुवारीच्या आरंभी परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाची जत्रा भरते, तेव्हा मुले मध्यरात्रीपर्यंत पाळण्यांभोवती फिरतात. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतील मुलांची तर कोपीत झोप होते तरी किती! अशा दिवसांत मूल रात्री ओरडून उठले, तर आधी त्याच्या झोपेचे तास मोजावेत.

प्रेषित मुहम्मद (स.) यांना इशापूर्वी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारणे अप्रिय होते (बुखारी, मुस्लिम). तिन्हीसांजेला मुलांना घरात ठेवण्याची आज्ञाही त्यांनी दिली, कारण त्या वेळी शैतान पसरतात (बुखारी, मुस्लिम). यावर आपली श्रद्धा आहेच. परंतु अमुक मुलाला अमुक जिन्नाने धरले, असे सांगण्याचा अधिकार या हदीसने कोणालाही दिलेला नाही. ह. हसन व हुसैन (रजि.) यांच्यासाठी प्रेषित (स.) स्वतः अल्लाहचा आश्रय मागत (बुखारी), आणि झोपेत दचकणाऱ्यासाठी त्यांनी स्वतंत्र दुआ शिकविली (अबू दाऊद, तिर्मिजी). इख्लास, फलक व नास पठण करून हातांवर फुंकर मारावी आणि ते मुलाच्या अंगावरून फिरवावेत. यासाठी आई पुरेशी आहे. पैसे घेणारा मध्यस्थ लागत नाही. ज्या प्रेषितांनी दुआ शिकविली, त्यांनीच औषधोपचार करण्यासही सांगितले (अबू दाऊद, तिर्मिजी).

तावीजबाबत विद्वानांत मतभेद आहेत, त्यात येथे शिरत नाही. मात्र मिरचीची धुरी देणे, छडीने मारणे, मुलाला उपाशी ठेवणे याला शरीअतमध्ये आधार नाही. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसारही गुन्हा आहे.

एका प्रवासात झोपलेल्या सोबत्याची दोरी कोणी गंमत म्हणून घेतली आणि तो दचकला, तेव्हा मुस्लिमाने मुस्लिमाला घाबरविणे वैध नाही, असे प्रेषितांनी बजावले (अबू दाऊद). मग झोपत नाही म्हणून बाळाला रोज बुवाची भीती घालणाऱ्या आपल्याविषयी काय म्हणावे?

झटका आला असता मुलास हलवून जागे करू नये, पाणी मारू नये. जवळ बसावे, हळू आवाजात बोलावे, पडण्यापासून जपावे. उन्हाळ्यात आपल्याकडे गच्चीवर झोपण्याची रीत आहे. अशा मुलाला कठड्याजवळ मुळीच झोपवू नये. रोज ठराविक वेळीच घडत असेल तर त्याआधी पंधरा-वीस मिनिटे हलकेच उठवावे व पुन्हा झोपवावे. काही आठवडे असे केल्याने पुष्कळ मुलांना गुण येतो.

हातपाय एकाच पद्धतीने झटकले जात असतील, जीभ चावली जात असेल, एका रात्रीत अनेकदा होत असेल किंवा मूल जोराने घोरत असेल, तर ते बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. फेफरे झोपेतही येते, आणि आमिलाकडे घालविलेले महिने त्या मुलाला महाग पडतात. मोबाइलवर त्या प्रसंगाचे चित्रीकरण करून न्यावे. डॉक्टरांना वर्णनापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

आणि सकाळी मुलासमोर रात्रीची चर्चा करू नये. त्याला काही आठवत नसते. आपण सांगतो, शेजारीण सांगते, आणि मग ते खरोखरच अंथरुणाला भिऊ लागते.