दुधाचे दात पडणारच, म्हणून किडू द्यायचे?

‘डॉक्टर, दुधाचेच दात आहेत, पडणारच ना?’ हे वाक्य दवाखान्यात रोज कानावर येतं. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, हे खरं. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. चौथ्या वर्षी दाढ किडली, तर मुलाने इतकी वर्षं चावायचं कशाने? शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरच्यांना तीही दुधाचीच वाटते. ती कायमची असते.

मध्यंतरी चार वर्षांची एक मुलगी गाल सुजून, तापाने फणफणत आली. कित्येक दिवस ती एकाच बाजूने चावत होती. लवंगेचं तेल लावून झालं होतं, किडा काढणाऱ्याकडची धुरी झाली होती, भावाचं उरलेलं अँटिबायोटिकही देऊन झालं होतं. अहो, दातात किडा नसतोच! साखरेवर पोसलेले जंतू आम्ल तयार करतात, ते दात पोखरतं. शेवटी दाढ काढावी लागली. मुलगी आता छान जेवते.

‘ती स्वतःच घासते’, असं तिची आई कौतुकाने सांगत होती. कौतुक जरूर करा, पण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना मागच्या दाढा नीट घासता येत नाहीत. शेवटचा हात मोठ्यांनीच फिरवायचा.

स्कॉटलंडने हे काम बालवाडीत नेलं. ‘चाइल्डस्माइल’ कार्यक्रमात लहान मुलं रोज मोठ्यांच्या देखरेखीखाली फ्लोराइडच्या पेस्टने दात घासतात. तिथे 2003 मध्ये शाळेच्या पहिल्या वर्गातल्या 45 टक्के मुलांचेच दात उघड किडीपासून वाचलेले होते. 2020 मध्ये हे प्रमाण 73 टक्क्यांच्या पुढे गेलं. श्रेय एकट्या ब्रशचं नाही, फ्लोराइडचं वार्निश आणि घरच्यांना दिलेला सल्लाही त्यात आहे. पण रोजचं घासणं हा त्याचा पाया. आपल्या अंगणवाडीत मुलं रोज एकत्र बसून खातात. खाणं झाल्यावर तिथेच दात घासून घेणं अजिबात अशक्य नाही.

मोबाइलवर फ्लोराइडला विष ठरवणारे संदेश फिरतात. ते वाचून साधी पेस्ट आणू नका. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. थुंकायला शिकवा, नंतर चूळ नको. चंद्रपूर, यवतमाळसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. तिथल्या पालकांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि मशेरी म्हणजे तंबाखूच. ती मुलांच्या हिरड्यांना बोटभरही लावू नका. रात्री घासल्यावर दूध, बिस्कीट काही नाही.

महिन्यातून एकदा मुलाचा ओठ उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर घाबरू नका, या टप्प्यावर कीड थांबवता येते. तपकिरी खड्डा, रात्री दुखून जागं होणं, हिरडीवर पुळी, यांपैकी काही असेल तर आठवड्याच्या आत दाखवा. गाल सुजला आणि ताप आला, तर त्याच दिवशी या.