घोड्याची प्रथमोपचार पेटी

प्रश्न : माथेरानला पर्यटकांसाठी आमचे दोन घोडे आहेत. गाड्या दस्तुरी नाक्यापुढे येत नाहीत, त्यामुळे डॉक्टर पोचायला वेळ लागतो. तबेल्यात काय ठेवावं?

उत्तर : आधी थर्मामीटर. विश्रांती घेतलेल्या मोठ्या घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं, नाडी मिनिटाला २८ ते ४४. घोडा धडधाकट असतानाच हे मोजून लिहून ठेवा. फोनवर डॉक्टर तेच विचारतील.

जखमेसाठी सलाइन, पोव्हिडोन आयोडीन (फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून), न चिकटणारी पट्टी, रुंद क्रेप बँडेज आणि भरपूर कापूस. कापसाच्या जाड थराशिवाय पायाला पट्टी आवळू नका, कंडरा दुखावतात.

खूर साफ करायचा आकडा हवाच. खुरात खिळा रुतला तर घोडा जागीच थांबवा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय खिळा उपटू नका. तो किती खोल, कुठल्या दिशेने गेलाय हे त्यांना दिसायला हवं. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, म्हणून लस चुकवू नका.

वेदनाशामक मात्र मनाने कधीच देऊ नका. पोटशूळात त्याने लक्षणं झाकली जातात. घोडा सारखा लोळू लागला, वळून कुशीकडे बघू लागला, तर चारा काढून घ्या आणि लगेच फोन करा.