खगोलशास्त्रज्ञ व्हायचंय? मग आधी फिजिक्स

बारावीच्या निकालानंतर पालक विचारतात, ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमीची डिग्री कुठल्या कॉलेजात मिळते?’ उत्तर ऐकून मूल हिरमुसतं. आपल्याकडे खगोलशास्त्राकडे जाणारी नेहमीची वाट साध्या बीएस्सी फिजिक्समधूनच जाते. ताऱ्यांचा विषय येतो, पण बहुधा शेवटच्या वर्षी, एखाद्या पेपरापुरता. त्याआधी यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, ऑप्टिक्स आणि भरपूर गणित.

हे गणित टाळता येत नाही. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांनी टिपलेल्या लहरींतून आकाशाचं चित्र उभं राहतं ते फूरिए रूपांतराच्या जोरावर. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मुलांना कंटाळवाणा वाटणारा धडा तो हाच! खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनीही केंब्रिजला गणिताचीच ट्रायपॉस, म्हणजे तिथली पदवी परीक्षा, केली होती. ‘नीट’च्या नादात अकरावीला गणित सोडलेल्यांची गाडी इथेच अडते.

कॉलेज निवडताना छतावरची दुर्बीण पाहून भुलू नका. प्रॅक्टिकलला मुलं स्वतः मापन करतात की जुन्या जर्नलमधून आकडे उतरवतात, ते पाहा. पायथन शिकवतात का, तेही विचारा; आजचा खगोलशास्त्रज्ञ डोळा दुर्बिणीला कमी आणि संगणकाला जास्त लावतो. पुण्यात आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था आहेत, कॉलेजच्या मुलांसाठी त्यांचे सुट्टीतले उपक्रम असतात. त्यांवर लक्ष ठेवा. बारावीनंतर थेट आयसर या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा देता येते. ती हुकली तरी बीएस्सीनंतर ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सीचा मार्ग मोकळा असतो.

आता पालकांच्या मनातलं: पोटापाण्याचं काय? एमएस्सी, पीएचडी, मग बहुतेकदा परदेशातली पोस्टडॉक; कायमची नोकरी मिळेपर्यंत तिशी उलटते, आणि जागाही थोड्या. पीएचडीला फेलोशिप मिळते, हा दिलासा खरा. वाटेत बेत बदलला तरी प्रोग्रॅमिंग आणि आकडेवारीचं विश्लेषण आलेल्यांना डेटा सायन्समध्ये काम मिळू शकतं. मात्र फक्त गाइडं पाठ करून मिळवलेल्या फर्स्ट क्लासवर भिस्त ठेवू नये.

प्रवेश घेण्याआधी एक करा. तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांना कॅन्टीनमध्ये गाठा आणि विचारा, प्रॅक्टिकल खरंच होतात का? माहितीपत्रकाआधी त्यांचं ऐका.