गॅसवरची वीज आणि तिचा धूर

मुंबई बंदराच्या पलीकडे रायगड जिल्ह्यात उरण आहे. तेथे बोकडवीरा गावाजवळ विजेचे एक मोठे केंद्र आहे. या केंद्रात कोळशाचे ढीग दिसत नाहीत. राखेचे तळे नाही. धुराड्यातून काळा धूरही निघत नाही. पाहणारा सहज म्हणतो, "छे! यातून काहीच बाहेर पडत नाही." हे खरे आहे का? चला, हिशेब मांडून पाहू.

हे केंद्र गॅसवर चालते. १९७४ साली मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर, भर समुद्रात तेल सापडले. त्या जागेला 'बॉम्बे हाय' म्हणतात. तेलाबरोबर गॅसही निघाला. तो समुद्राखालच्या नळातून उरणला येतो. आपल्या घरच्या सिलिंडरातला गॅस तो हा नव्हे. यात मुख्यतः मिथेन असतो. आपल्या गोबरगॅसमध्ये जळतो तोही मिथेनच.

गॅस जळला की तापलेली हवा जोराने फुगते आणि टर्बाइनचे पाते फिरवते. पाते फिरले की वीज होते. उरणला अशी १०८ मेगावॉटची चार यंत्रे आहेत. १०८ चोक ४३२. पण केंद्राची क्षमता ६७२ मेगावॉट आहे! मग वरचे २४० आले कोठून?

आपली चूल आठवा. पुढे भाकरी भाजते, आणि मागे वैलावर डाळ शिजते. वैलासाठी आपण वेगळे लाकूड घालतो का? नाही. भाकरीची उरलेली धगच डाळ शिजवते. इथेही तसेच. टर्बाइनमधून बाहेर पडणारी हवा अजून खूप तापलेली असते. तिच्यावर पाण्याची वाफ करतात, आणि वाफेवर १२० मेगावॉटची आणखी दोन यंत्रे फिरतात. नवा गॅस लागत नाही. ही युक्ती ज्याला सुचली त्याच्या घरी वैलाची चूल असावी, असे आपल्याला वाटते!

एक मेगावॉटचे यंत्र तासभर चालले की १,००० युनिट वीज होते. म्हणजे सारे केंद्र भरभरून चालले, तर एका तासात ६ लाख ७२ हजार युनिट.

आता धुराड्याकडे वळू. एक किलो मिथेन जळताना हवेतला चार किलो प्राणवायू घेतो. एक नि चार, पाच झाले. त्यातून सव्वादोन किलो पाण्याची वाफ होते आणि पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड. हा वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. पण तो हवेत साठत जातो आणि पृथ्वीची ऊब अडवून धरतो. मग पावसाचे वेळापत्रक बिघडते. ते आपल्या शेताला चुकत नाही.

अशा केंद्रात एका युनिटामागे ढोबळमानाने ४५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. ६ लाख ७२ हजार युनिटांना तो सुमारे ३ लाख किलो झाला, तोही फक्त एका तासात! काहीच बाहेर पडत नाही म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवावा. आणि वाफेची यंत्रे बंद पडली तर? गॅस तितकाच जळणार, वीज मात्र ४ लाख ३२ हजार युनिटच होणार. म्हणजे युनिटामागे ७०० ग्रॅम. वैल रिकामा राहिला की धूर महाग पडतो.

कोळशाशी तुलना केली तर गॅस बराच बरा. कोळशाच्या एका युनिटामागे ९०० ग्रॅम ते एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आपल्या कोळशात राखही फार, शंभर किलोत तीस-चाळीस किलो. गॅसला राख नाही, आणि गंधकाचा वायू जवळजवळ नाहीच.

पण एक खोड गॅसलाही आहे. ज्वाला फार तापली की हवेतला नायट्रोजनही जळू लागतो. त्याचे ऑक्साइड होतात. ते घशाला नि फुप्फुसाला झोंबतात. दम्याच्या माणसाला त्यांचा जास्त त्रास. उन्हात त्यांपासून ओझोन तयार होतो, तोही छातीला वाईट. म्हणून ज्वाला फार तापू न देणारे खास बर्नर बसवतात, किंवा ज्वालेत पाणी वा वाफ सोडतात. या वायूंची मोजणी धुराड्यावर करता येते. जवळच्या गावांनी ते आकडे मागावेत. आकडा वाचता येणाऱ्याला "सर्व ठीक आहे" एवढ्यावर परत पाठवता येत नाही.

दुसरी गोष्ट गळतीची. न जळलेला मिथेन हवेत गेला तर वीस वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे ८० पट ऊब अडवतो. विहिरीपासून केंद्रापर्यंत नळ गळत असेल, तर धुराड्यापाशी वाचवलेले वाटेतच सांडले.

उरणला गॅस पुरेसा मिळत नाही, म्हणून हे केंद्र बरीच वर्षे पूर्ण ताकदीने चाललेले नाही. आपल्या राज्याची पुष्कळशी वीज अजून कोळशावरच होते.

आता आपले विजेचे बिल काढा. महिन्याला १०० युनिट जळाले असतील, तर ते सारे गॅसवर झाले असते तर किती कार्बन डायऑक्साइड? ४५ किलो. आणि कोळशावर? ९० ते १०० किलो. आपल्या बिलावरचा आकडा घालून हेच गणित पाटीवर करून पाहा.