दुकानातील तागडी आणि बालकांचे विज्ञान

काही कुटुंबे मुलांना घरीच शिक्षण देतात. विज्ञानाची साधने आणावयाची कोठून, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. त्यासाठी महागड्या पेट्या विकत घेण्याचे कारण नाही, असे आम्हांस वाटते.

आपल्याच मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत, १९७२ साली प्रयोगांतून विज्ञान शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला व तो २००२ पर्यंत चालला. तेथेच १९७८ मध्ये श्री. अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीतील काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीच्या आकृती घडविल्या. त्यांची पुस्तके आज इंटरनेटवर मराठीतही विनामूल्य मिळतात.

मग ग्वाल्हेरच्या दालबाजारातील आपले साधन आपण का विसरावे? तागडी रिकामी असता समतोल दिसली, म्हणून ती खरी ठरत नाही. एका पारड्यात वजन व दुसऱ्यात हरभरे घालून तोल साधावा. नंतर दोहोंची अदलाबदल करावी. तोल ढळल्यास दांडीच्या दोन भुजा असमान आहेत, असे समजावे. कारण लांब भुजेकडील थोडा माल आखूड भुजेकडील अधिक वजनास तोलून धरतो.

हा प्रयोग मुलाने आपल्याच दुकानात करावा. खोट निघाल्यास वडिलांनी रागावू नये. तागडी दुरुस्त करून घ्यावी. कमीअधिक तोलमाप हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार होय, हे आपण मुलांना सांगतोच. या प्रयोगाने ते त्यांना स्वतः पडताळताही येईल.