इंजिनाचा संगणक बदलताना : फायदा, तोटा आणि इमानदारी

जुनी डिझेल गाडी घेऊन ‘रिमॅपिंग’ने तिची ताकद वाढवावी, असा विचार करणाऱ्या तरुण व्यापारी बंधूंसाठी आम्ही हे लिहीत आहोत.

कार्बोरेटरच्या गाडीत इंजिनाचा संगणक नसतो. पुढच्या गाड्यांत मात्र किती वेगाला किती इंधन, ते केव्हा आणि टर्बोचा दाब किती, याचे तक्ते संगणकात म्हणजे ईसीयूत भरलेले असतात. कारागीर हे तक्ते वाचून घेतो, आकडे बदलतो आणि परत भरतो. २००७ साली आलेल्या स्विफ्ट डिझेलचे १२४८ सीसीचे इंजिन ७५ अश्वशक्तीचे होते. अशा टर्बो गाडीत फरक जाणवतो. बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीत फारच थोडा.

ही जादा ताकद येते कोठून? शिंपी शिवणीत माया ठेवतो, तशी कंपनीही ठेवते. ती माया आपण उसवून वापरतो. मग करंजी घाट चढताना गाडी जोर दाखवते. पण क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो यांवर ताण पडतो, आणि डिझेल प्रमाणाबाहेर गेले की काळा धूर निघतो. म्हणून आधी हे भाग तपासावेत, आणि मूळ तक्त्यांची प्रत कारागिराकडून घेऊन जपून ठेवावी.

कायदाही पाहावा. आपल्या नगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थांत गाडीची चाचणी होते, मंजुरी मिळते, ती मूळ तक्त्यांसह. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफाराला मनाई करते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितले. तेव्हा काम करण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी यांना लेखी विचारावे. नकार आला तर विषय संपला.

सर्वांत मोठी गोष्ट विक्रीची. कापडाचा डाग उजेडात दिसतो. बदललेला तक्ता गिऱ्हाइकाला दिसत नाही. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या प्रेषितांनी (स.) ओले धान्य वर ठेवण्यास सांगितले, जेणेकरून लोकांना ते दिसावे. आपणही बदल केलेली गाडी विकताना तो सांगावा, बिलावर लिहावा, आणि शक्य तर मूळ तक्ते परत भरून द्यावेत. किंमत थोडी कमी येईल, पण कमाईत बरकत राहील.